दिवाणखान्यातील होम थिएटर संगणक: पंखे बदलले, तरी घरघर का जात नाही?

धागालेखक

नमस्कार. दिवाणखान्यातील टीव्हीला जोडण्यासाठी मी स्वतः एक संगणक जुळवला आहे. घरातील जुने व्हिडिओ, स्वतःच्या डिस्कवरून उतरवून घेतलेले चित्रपट आणि गाणी एका जागी असावीत, ती रिमोटने चालावीत आणि घरातल्या कोणालाही मला हाक न मारता लावता यावीत, एवढाच हेतू होता. हे सगळे साधले. साधली नाही ती शांतता.

सध्याची जुळणी अशी आहे. इंटेलचा आठव्या पिढीतील ६५ वॉटचा प्रोसेसर, त्यावर ३७ मिलिमीटर उंचीचा बुटका कूलर, आडवे कॅबिनेट आणि त्याच्या मागच्या बाजूला ८० मिलिमीटरचे दोन पंखे. लिब्रइलेक ही छोटी लिनक्स प्रणाली आणि चित्रपट-गाणी चालवणारे कोडी हे सॉफ्टवेअर एका छोट्या एसएसडीवर, म्हणजे फिरणारा भाग नसलेल्या डिस्कवर आहेत. संग्रह मात्र ३.५ इंची दोन हार्ड डिस्कवर आहे आणि त्या दोन्ही मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या आहेत. पॉवर सप्लाय साधा, पंख्याचा आहे. हे सगळे टीव्हीखालच्या लाकडी युनिटमध्ये, काचेच्या दारामागे ठेवले आहे.

दिवसा काही जाणवत नाही. रात्री बाहेरची वर्दळ थांबली की दोन संवादांमधल्या शांततेत खालच्या पट्टीतील घरघर स्पष्ट ऐकू येते. ती एकसारखी नसते. तीन-चार सेकंदांत हळूहळू वाढते, ओसरते आणि पुन्हा वाढते. कानाने एकदा ती लय पकडली की पडद्यावर लक्ष राहत नाही. हा पंख्यांचाच आवाज असणार असे समजून मी मागचे दोन्ही पंखे काढून चांगल्या प्रतीचे पंखे बसवले. त्यामुळे वरच्या पट्टीतली सूं सूं गेली, पण घरघर होती तशीच राहिली. आता कॅबिनेटला आतून फोम लावावा, पॉवर सप्लाय बदलावा, की हे सगळे मोडून पंखा नसलेली जुळणी करावी, अशा विचारात आहे. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

पुढची कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी आवाज नेमका कुठून येतो ते शोधून काढा. संगणकातले सगळे आवाज एकाच पेटीतून येत असल्यामुळे कान हमखास फसतो, आणि आपण पंख्याला दोष देऊन मोकळे होतो.

रात्री खोलीतला छताचा पंखा बंद करा आणि पुठ्ठ्याची एक लांब नळी घ्या. तिचे एक टोक कानाला लावून दुसरे टोक कॅबिनेटच्या प्रत्येक भागासमोर सावकाश फिरवा. त्यानंतर एकेक पंखा क्षणभर थांबवून पाहा. पात्यांना हात लावू नका; मधल्या गोल भागावर बोट हलकेच टेकवले की पंखा थांबतो. प्रोसेसरचा पंखा काही सेकंदांपेक्षा अधिक वेळ थांबवू नये. पॉवर सप्लाय मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नका, कारण वीज बंद केल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो.

यानंतर संगणक बंद करून दोन्ही हार्ड डिस्कची वीजजोडणी काढा आणि केवळ एसएसडीवर तो सुरू करा. शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. संगणक युनिटमधून बाहेर काढा आणि जमिनीवर घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. हवेची भोके झाकली जाणार नाहीत एवढे पाहा. गोधडीवर ठेवताच घरघर निम्म्याने कमी झाली, तर दोष आवाजाचा कमी आणि कंपनाचा अधिक आहे असे समजावे.

मोबाइलवरील आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. शांत खोलीत रात्री जेमतेम ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो आणि इतक्या खालच्या पातळीवर मोबाइलचा माइक स्वतःचीच खरखर मोजत बसतो.

प्रतिसाद २

वरील सूचनेला थोडी गणिताची जोड देतो, कारण चांगले पंखे लावूनही फरक का पडला नाही हे त्यातून कळते.

डेसिबल हे साध्या बेरजेने वाढत नाहीत. सारख्याच तीव्रतेचे दोन आवाज एकत्र आले तर एकूण पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. म्हणजेच त्यांतला एक पूर्ण बंद केला तरी ३ डेसिबलच कमी होतात, आणि कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबलची घट लागते. आता एक आवाज दुसऱ्यापेक्षा आधीच १० डेसिबलने मोठा असेल, तर लहान आवाज पूर्ण नाहीसा केल्याने अर्ध्या डेसिबलचाही फरक पडत नाही. म्हणून या कामात सुरुवात नेहमी सर्वांत मोठ्या आवाजापासून करावी लागते. धागालेखकांनी दुसऱ्या क्रमांकाच्या आवाजावर खर्च केला, असे दिसते.

पंख्यांबाबत एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. मोठा पंखा सावकाश फिरवण्यात जो फायदा आहे तो इथून येतो. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोन पट असते, त्यामुळे तेवढीच हवा तो पुष्कळ कमी फेऱ्यांत हलवतो. लहान पंखा कितीही नामांकित असला तरी १५०० फेऱ्यांवर तो ऐकू येणारच.

प्रतिसाद ३

धागालेखकांच्या एका वाक्याकडे लक्ष वेधतो: घरघर तीन-चार सेकंदांत वाढते आणि ओसरते. तंबोरा जुळवताना जोडीच्या दोन तारा किंचित कमी-अधिक असल्या की स्वर असाच हेलकावे खातो, आणि तारा जुळत आल्या की हेलकावे लांबत जातात. तुमच्या कॅबिनेटमध्ये जवळजवळ एकाच स्वरात गाणाऱ्या दोन वस्तू आहेत. दोन पंखे असू शकतात, पण पंखे बदलूनही लय बदलली नसेल तर मला संशय हार्ड डिस्कचा येतो. ७२०० भागिले ६० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. एक डिस्क १२० वर आणि दुसरी त्याहून पाव फेरी मागे असेल, तर बरोबर चार सेकंदांचा हेलकावा मिळतो.

धागालेखक

प्रतिसाद १ प्रमाणे काल रात्री सर्व चाचण्या केल्या. मागचे पंखे थांबवले, प्रोसेसरचा पंखा थांबवला. घरघरीत काडीचाही फरक पडला नाही. डिस्कची जोडणी काढून संगणक सुरू केला आणि घरघर पूर्ण गेली. त्यानंतर एकच डिस्क जोडली, तेव्हा आवाज आला, पण तो एकसारखा होता, हेलकावे नव्हते. दोन्ही जोडल्या की हेलकावे परत आले. प्रतिसाद ३ चे निदान अचूक निघाले, त्यांचे मनापासून आभार.

गोधडीच्या चाचणीने तर मी चकितच झालो. दोन्ही डिस्क चालू असताना संगणक गोधडीवर ठेवला, तर हातभर अंतरावरूनही घरघर जेमतेम ऐकू येत होती. तोच संगणक पुन्हा युनिटमध्ये ठेवला आणि युनिटच्या वरच्या फळीवर तळहात टेकवला, तेव्हा हाताला मुंग्या आल्यासारखी थरथर लागली. काचेच्या दाराच्या कडेवर बोट ठेवले की आवाजाचा पोत बदलत होता. इतके दिवस मी संगणकाचा आवाज म्हणून जे ऐकत होतो ते फर्निचर वाजत होते.

प्रतिसाद ३ चे लेखक

तंबोऱ्याचेच उदाहरण पुढे नेतो. तार एकटी छेडली तर तिचा आवाज खोलीभर पोहोचत नाही. भोपळा तो मोठा करतो. खालच्या पट्टीतला ध्वनी हवेत पसरवायला मोठा पृष्ठभाग लागतो आणि मुठीएवढ्या डिस्कजवळ तो नाही. ती आपली थरथर स्क्रूंमधून कॅबिनेटच्या पत्र्याला देते, पत्रा आपल्या पायांतून फळीला देतो, आणि फळी भोपळ्याचे काम करते.

म्हणूनच फोमचा विचार सोडून द्या. १२० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे २.९ मीटर असते; ती शोषून घ्यायला बोटभर जाडीचा फोम काही उपयोगाचा नाही. फोम वरच्या पट्टीतले आवाज थोडे मऊ करतो आणि त्याबदल्यात उष्णता आत कोंडतो. उष्णता वाढली की पंखे जोरात फिरतात, म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले.

प्रतिसाद ४

डिस्क कॅबिनेटमध्येच ठेवायच्या असतील तर त्यांना पत्र्याला स्क्रूने आवळू नका, टांगा. कापडी आवरणाची जाड इलॅस्टिक दोरी दोन आडव्या पट्ट्यांमध्ये ताणून तिच्या पेडात डिस्क अडकवायची. डिस्क कुठल्याही बाजूने धातूला टेकता कामा नये, आणि वायरीही ताठ नसाव्यात, कारण ताणलेली वायर हा कंपनाला मिळालेला पूलच असतो. मी पाच-सहा वर्षे असे वापरले आहे. रबरी वॉशर लावण्यापेक्षा याने कितीतरी अधिक फरक पडतो.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पत्र्याला टेकलेली डिस्क आपली थोडी उष्णता पत्र्याला देते. टांगलेल्या डिस्कला ती सोय नसते, म्हणून तिच्यावरून मंद का होईना पण हवा वाहत राहिली पाहिजे. आणि संगणक एका जागेवरून दुसरीकडे नेताना डिस्क आधी काढून घ्या. इलॅस्टिक काळाने ढिले पडते हेही विसरू नका. वर्षातून एकदा झाकण उघडून पाहिलेले बरे.

प्रतिसाद ५

टांगण्याची युक्ती चांगली आहे, पण माझे मत स्पष्ट आहे: फिरणारी हार्ड डिस्क दिवाणखान्यात असूच नये. ज्या आवाजाला खोलीतून बाहेर काढता येते, त्याला खोलीत ठेवून गप्प करण्यात शक्ती का घालवावी?

दोन्ही डिस्क एखाद्या जुन्या संगणकात किंवा दोन डिस्कच्या नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीत) घालून आतल्या खोलीत ठेवा आणि तिथून राउटरपर्यंत व राउटरपासून टीव्हीपर्यंत नेटवर्कची केबल ओढा. ४के ब्लू-रे डिस्कचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजेच १६ मेगाबाइट असतो. गिगाबिट केबलवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास सहज मिळतात. त्यामुळे डिस्क संगणकात आहे की चार भिंतींपलीकडे, हे चित्रपटाला कळतही नाही. वाय-फायवरही बऱ्याचदा चालते, पण ऐन प्रसंगात चित्र अडकले तर मग शांततेचे समाधान राहत नाही, म्हणून माझा आग्रह केबलचाच आहे.

असे केले की दिवाणखान्यातल्या संगणकात फिरणारे भाग म्हणून केवळ पंखे उरतात आणि उष्णताही कमी होते. डिस्क ज्या खोलीत जातील तिथे कोणी झोपत असेल तर त्यांचाही विचार करावा, एवढी एक विनंती.

प्रतिसाद ६

नम्रपणे विचारतो, टीव्हीमध्येच आता अ‍ॅप असतात, छोटे स्ट्रीमिंग उपकरणही मिळते आणि त्यांत पंखा नसतो. संग्रह नॅसवर गेल्यावर मग संगणक हवाच कशाला?

प्रतिसाद ५ चे लेखक

प्रश्न रास्त आहे. केवळ सशुल्क स्ट्रीमिंग सेवाच पाहायच्या असतील तर संगणकाच्या वाटेला जाऊ नये, हेच मी सांगेन. त्या सेवांचे नक्कल रोखणारे संरक्षण असे असते की लिनक्सवरील ब्राउझरमध्ये त्या पूर्ण प्रतीचे चित्र देत नाहीत, आणि तिथे लहान उपकरण संगणकापेक्षा सरस ठरते.

स्वतःच्या संग्रहाची गोष्ट वेगळी आहे. पुष्कळ टीव्हींना नेटवर्कची जी खोबण असते ती १०० मेगाबिटचीच असते, त्यामुळे वर सांगितलेला १२८ चा वेग तिथून जाऊच शकत नाही. ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ यांसारखे ध्वनीचे प्रकार अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत मूळ स्वरूपात पोहोचवायचे असतील तर ते एचडीएमआयवरून जातात, ऑप्टिकल केबलवरून जात नाहीत. आणि सर्व लहान उपकरणे ते तसेच पुढे पाठवतीलच याची खात्री नसते. शिवाय मराठी सबटायटलची फाइल वेगळी असेल तर जोडाक्षरे नीट दिसावीत म्हणून आपल्या पसंतीचा फॉन्ट लावता येणे ही सोय मला तरी मोठी वाटते. कोडीमध्ये ती आहे.

प्रतिसाद ७

डिस्क बाहेर गेल्या की पुढचा मोठा आवाज प्रोसेसरच्या पंख्याचा असेल, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. माझ्या मते शांत संगणकाची सुरुवात पंख्यापासून होत नाही, उष्णतेपासून होते. जी उष्णता निर्माणच झाली नाही, तिला बाहेर फेकायला पंखा लागत नाही.

चित्रपट दाखवताना संगणकाला करावे लागणारे मुख्य काम म्हणजे दाबून साठवलेले चित्र उलगडणे. हे काम प्रोसेसरच्या सर्वसाधारण गाभ्यांनी (कोर) केले तर ते घामाघूम होतात; त्यासाठीच बनवलेला ग्राफिक्समधला स्वतंत्र भाग तेच काम मोजक्या वॉटमध्ये करतो. इंटेलच्या सातव्या पिढीपासून १० बिटचे एचईव्हीसी (चित्र दाबून साठवण्याचा एक प्रकार) या भागाकडून उलगडले जाते, म्हणजे धागालेखकांच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरला ते येते. एव्ही१ हा नवा प्रकार मात्र अकराव्या पिढीपासून पुढे आहे. तुमच्या संग्रहात एव्ही१ च्या मोठ्या फाइल नसतील तर प्रोसेसर बदलण्याचे काहीच कारण नाही. कोडीमध्ये चित्रपट चालू असताना कळफलकावरील ओ हे अक्षर दाबा. पडद्यावर जी माहिती येते तीत डीकोडर, म्हणजे चित्र उलगडणारा भाग, हार्डवेअरचा आहे की नाही हे दिसते. तो नसेल तर पंख्याला दोष देण्यापूर्वी सेटिंग तपासा.

नव्याने जुळणी करणाऱ्यांसाठी सांगतो, २०२३ च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा एन१०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर या कामाला पुरेसा आहे आणि त्याला एव्ही१ सुद्धा उलगडता येते. त्याच्या माहितीपत्रकावर ६ वॉट लिहिलेले असते; बरेच लहान संगणक त्याला त्याहून अधिक वॉटवर चालवतात, तरीही तो थंडच राहतो. त्याउलट मोठ्या प्रोसेसरपैकी ज्यांच्या नावाच्या शेवटी एफ हे अक्षर असते, ते या कामासाठी घेऊ नयेत, कारण त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसतात आणि मग वेगळे कार्ड, म्हणजे आणखी उष्णता आणि आणखी एक पंखा गळ्यात पडतो.

आता पंख्याच्या चढउताराविषयी. स्थिर आवाज कान विसरतो, बदलणारा विसरत नाही. कोडीच्या यादीत तुम्ही भराभर खाली सरकता, पोस्टर उघडत जातात, प्रोसेसर दोन सेकंद उसळी मारतो, तापमान ७० वर जाते, पंखा घोंघावतो आणि लगेच खाली येतो. या दोन सेकंदांत कूलरचे धातू तापलेलेही नसते, त्यामुळे पंख्याची ती धावपळ व्यर्थ असते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा याचा आलेख असतो; त्याच्याजवळ प्रतिसादाला विलंब लावण्याची सोय असते. ती पाच-दहा सेकंदांवर न्या. आलेखाचा पहिला भाग ६० अंशांपर्यंत सपाट ठेवा. प्रोसेसर ६५ अंशांवर चालला तर त्याला काही इजा होत नाही. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. याच बायोसमध्ये प्रोसेसरला किती वॉट खेचू द्यायचे याची मर्यादाही घालता येते. मी माझ्या ६५ वॉटच्या प्रोसेसरला ३५ वर बांधले आहे आणि चित्रपट पाहताना कोणताही फरक जाणवलेला नाही.

प्रतिसाद ८

धागालेखकांनी पंखा नसलेल्या जुळणीचा उल्लेख केला आहे. मी चार वर्षे तशीच जुळणी वापरत आहे, म्हणून तिची दुसरी बाजूही सांगतो. स्ट्रीकॉमसारख्या कंपन्यांची अ‍ॅल्युमिनियमची कॅबिनेट असतात. प्रोसेसरवरून तांब्याच्या नळ्या निघून कॅबिनेटच्या जाड बाजूंना भिडतात आणि त्या बाजूच उष्णता हवेत सोडतात. वस्तू देखणी असते आणि खरोखर निःशब्द असते. पण तिला मोकळी हवा लागते, ही अट आहे.

मी ती सुरुवातीला बंद कप्प्यात ठेवली. पहिली चाळीस मिनिटे चित्रपट उत्तम चालत असे आणि त्यानंतर चित्र अडखळू लागे. फाइल खराब असेल असे समजून मी तोच चित्रपट दोनदा डिस्कवरून पुन्हा उतरवला. एके दिवशी अडखळत असतानाच सहज कॅबिनेटवर हात ठेवला तर तो लगेच उचलावा लागला. कप्प्यातली हवा तापत गेली होती आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत होता. सुताराकडून मागच्या फळीत खाली एक आणि वर एक अशी दोन मोठी भोके करून घेतली. गरम हवा वरून निघून जाते, तिच्या जागी खालून गार हवा येते, आणि तेव्हापासून चित्र अडखळलेले नाही. पंखा असो वा नसो, हे काम प्रत्येकाने करावे.

आणखी एक सावधानता. पंखे गेले की त्यांच्याखाली झाकलेले आवाज वर येतात. मदरबोर्डावरील आणि पॉवर सप्लायमधील कॉइल काही वेळा बारीक किरकिर करतात; मेनू सरकवताना माझ्याकडे ती अजूनही येते, रातकिड्यासारखी.

प्रतिसाद २ चे लेखक

धागालेखकांसाठी पंखाविरहित जुळणी आवश्यक आहे असे मला वाटत नाही. आवाज अंतराने उतरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात, बंद खोलीत त्याहून थोडे कमी. सोफा टीव्हीपासून तीन मीटरवर असेल तर ५००-६०० फेऱ्यांनी फिरणारा चांगला पंखा तिथून ऐकू येत नाही, आणि तेवढी मंद हवासुद्धा मदरबोर्ड व एसएसडी यांना थंड ठेवायला पुरते. कॅबिनेटला पंख्यासमोर पत्र्यातच छिद्रे पाडून केलेली जाळी असेल तर तेवढी काढून तारेची जाळी बसवा. पात्यांच्या अगदी जवळ असलेल्या पत्र्यावर हवा कापली जाऊन जी शीळ उठते, ती पंखा बदलून जात नाही.

धागालेखक

तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे. प्रतिसाद ५ प्रमाणे दोन्ही डिस्क घरातल्या एका जुन्या संगणकात हलवल्या आणि केबल ओढली. प्रतिसाद ७ प्रमाणे तपासले तेव्हा डीकोडर हार्डवेअरचाच निघाला. प्रोसेसरला ३५ वॉटवर बांधले आणि पंख्याला दहा सेकंदांचा विलंब लावला. प्रतिसाद ८ प्रमाणे युनिटच्या मागच्या फळीत दोन भोके करून घेतली. डिस्क गेल्यामुळे आत उष्णता इतकी कमी झाली की मागच्या दोन पंख्यांपैकी एक बंदच ठेवला आहे आणि दुसरा ६०० फेऱ्यांवर फिरतो. अडीच तासांचा चित्रपट संपल्यावर प्रोसेसरचे तापमान ५८ अंश होते. पॉवर सप्लाय जुनाच ठेवला. भार कमी झाल्याने त्याचा पंखाही संथ झाला आहे. फोम, पंखाविरहित कॅबिनेट, नवा पॉवर सप्लाय यांपैकी काहीही घ्यावे लागले नाही. सोफ्यावरून आता मला काहीही ऐकू येत नाही, आणि मी मुद्दाम कान देऊन ऐकले आहे.

घोळ दुसऱ्या टोकाला झाला. डिस्कचा संगणक आतल्या खोलीतल्या माळ्यावर, तिथल्या लोखंडी ट्रंकेवर ठेवला होता. त्या खोलीत आई झोपते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारले की रात्री माळ्यावर काय वाजत होते. रिकामी ट्रंक म्हणजे फळीपेक्षाही मोठा भोपळा, हे सगळे वाचूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

प्रतिसाद ४

ट्रंकेवरून काढून थेट माळ्याच्या स्लॅबवर ठेवा आणि खाली जाड रबराचे चार तुकडे द्या. स्लॅब जड असतो, तो त्या डिस्कला दाद देत नाही. शिवाय वापर नसताना अर्ध्या तासाने डिस्क थांबतील असे करून ठेवा. पुन्हा सुरू होताना सात-दहा सेकंद वाट पाहावी लागेल, तेवढी घरच्यांना आधी कल्पना द्यावी.

धागालेखक

दोन्ही केले आणि घरघर गेली. तरीही पहाटे दोनच्या सुमारास डिस्क जाग्या होतात असे आईच्या लक्षात आले, तेव्हा शोधले. संग्रहातील नव्या फाइल तपासण्याचे काम मीच त्या वेळेला लावून ठेवले होते. ते आता दुपारी चारवर आणले आहे. त्या वेळी आई फिरायला गेलेली असते.